गहाण पडलेला वऱ्हाड : देवगावच्या तहापासून १९२६ च्या पत्रापर्यंत

१/
२७ मार्च १९२६ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी हैदराबादचे निजाम मीर उस्मान अली खान यांना एक पत्र धाडले. हिंदुस्थानात ब्रिटिश राजसत्ता सर्वश्रेष्ठ आहे. म्हणून कोणत्याही संस्थानिकाला तिच्याशी बरोबरीच्या नात्याने वाटाघाटी करण्याचा हक्क सांगता येणार नाही, असा त्या पत्राचा आशय होता. ब्रिटिश सत्ता आणि संस्थाने यांच्या संबंधांची चर्चा निघाली की या पत्राचा उल्लेख हमखास होतो. मात्र ज्या प्रदेशाच्या मागणीवरून ते लिहिले गेले, त्याचे नाव मागे पडते. तो प्रदेश म्हणजे वऱ्हाड.

२/
याच वऱ्हाडात, अचलपूरजवळच्या देवगावात, सव्वाशे वर्षांपूर्वी इंग्रज सेनापती आणि नागपूरकर भोसल्यांचे वकील समोरासमोर बसून तह करत होते. हैदराबाद तर त्या वेळी कंपनीचे मित्र म्हणवले जात होते. मित्राचा मांडलिक कसा झाला आणि तहाच्या जागी हुकूम कसा आला, याचा पुरा हिशेब एकाच प्रांताच्या कागदपत्रांतून मांडता येतो. हा धागा त्या कागदपत्रांचा.

३/
प्रथम स्थळ. सातपुड्याच्या गाविलगड रांगेच्या पायथ्याशी, सापन आणि बिच्छन नद्यांच्या परिसरात वसलेले अचलपूर जुन्या कागदपत्रांत एलिचपूर म्हणून येते. पंधराव्या शतकाच्या अखेरीस बहमनी राज्य फुटले, तेव्हा फत्तेउल्ला इमादउल्मुल्क याने वऱ्हाडात इमादशाही स्थापन केली. अचलपूर तिचे मुख्य ठाणे होते. १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने ती गिळली. पुढे मोगल आले. १७२४ मध्ये आजच्या बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्ड्याच्या लढाईत निजामउल्मुल्क याने मुबारिझखानाचा पराभव केला आणि दख्खनचा सुभा, वऱ्हाडासह, आसफजाही घराण्याकडे आला.

४/
निजामाची सत्ता आली, तरी वऱ्हाडात अंमल एकट्याचा नव्हता. चौथाई-सरदेशमुखीच्या हक्काने मराठे आधीच येथे होते आणि नागपूरच्या भोसल्यांनी त्या हक्काचे रूपांतर जवळजवळ राज्यात केले. एका गावात दोन सरकारांचे कारकून वसुलीला येत. या व्यवस्थेला दुअमल म्हणत. अचलपुरात निजामाचा सुभेदार बसे आणि त्याच्या डोक्यावरच्या डोंगरात गाविलगडावर भोसल्यांचा किल्लेदार. रयतेच्या दृष्टीने सार्वभौम कोण, हा प्रश्न इंग्रज येण्यापूर्वीच गुंतागुंतीचा होता.

५/
१८०३ च्या दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धाने ही गुंतागुंत सोडवली. २३ सप्टेंबरला असईची लढाई झाली. २९ नोव्हेंबरला अकोला जिल्ह्यातील अडगाव येथे आर्थर वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन यांच्या फौजांनी रघुजी भोसले (दुसरे) यांचे बंधू व्यंकोजी यांच्या फौजेचा पराभव केला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इंग्रज फौज अचलपुरास पोहोचली. अडगावच्या जखमींसाठी वेलस्लीने तेथे इस्पितळ उभारले आणि मग लक्ष गाविलगडाकडे वळवले.

६/
गाविलगडाचा दक्षिणेकडील कडा सरळ तुटलेला. त्या बाजूने चढाई अवघड. म्हणून स्टीव्हन्सनची फौज डोंगरांतून वळसा घालून उत्तरेकडे गेली. वाट अशी नव्हतीच. ती करत करत तोफा ओढून नेल्या गेल्या. वेलस्ली दक्षिणेस, देवगावाच्या बाजूला राहिला. १५ डिसेंबर १८०३ रोजी तटाला खिंडार पडल्यावर हल्ला झाला आणि किल्ला पडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता मारला गेला. रघुजींच्या पश्चिमेकडील सत्तेचा मुख्य आधार गेला.

७/
दोनच दिवसांनी, १७ डिसेंबर १८०३ रोजी, देवगावचा तह झाला. कंपनीकडून वेलस्ली, भोसल्यांकडून वकील यशवंतराव रामचंद्र. रघुजींनी बालासोरसह कटक प्रांत सोडला. वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूखही सोडला. फक्त गाविलगड आणि नरनाळा हे दोन किल्ले आणि त्यांना लागून चार लाख उत्पन्नाचा प्रदेश त्यांच्याकडे राहिला. कंपनीशी युद्धात असलेल्या फ्रेंच वा अन्य युरोपीय राष्ट्राच्या माणसांना चाकरीत ठेवायचे नाही, हेही कबूल करावे लागले.

८/
तह पराभूताचा होता, पण त्याची भाषा अजून दोन राज्यांची होती. दोन्ही दरबारांत एकमेकांचे वकील राहतील, असे कलम त्यात होते. त्याप्रमाणे माउंटस्ट्युअर्ट एल्फिन्स्टन १८०४ मध्ये नागपुरास रेसिडेंट म्हणून रुजू झाला. परराष्ट्रसंबंधांची ही सर्वसामान्य रीत होती : लढाई, तह, वकिलांची देवघेव. पुढील शंभर वर्षांत या रीतीतील एकेक अंग गळत गेले. कागदावर ‘तह’ हा शब्द मात्र बराच काळ टिकला.

९/
भोसल्यांनी सोडलेला वऱ्हाड कंपनीने स्वतःकडे ठेवला नाही. २८ एप्रिल १८०४ च्या हैदराबादच्या वाटणी-तहाने तो निजाम सिकंदरजाह यांना मिळाला. उरलेला भाग, किल्ल्यांसह, तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धानंतर १८२२ च्या तहाने हैदराबादकडे आला. दुअमल संपला. हैदराबादला वाटले, वडिलोपार्जित प्रांत अखेर निर्वेध हाती आला. पण तो आला होता मित्राच्या तलवारीने, आणि त्या तलवारीचा खर्च कोणी सोसायचा हा प्रश्न अजून उघडाच होता.

१०/
हा प्रश्न १८०० च्या तहात दडलेला होता. १७९८ आणि १८०० च्या तहांनी हैदराबादने तैनाती फौज स्वीकारली होती; तिच्या खर्चापोटी बल्लारी-कडप्पा भागातील मुलूखही कंपनीला तोडून दिला होता. म्हणजे त्या फौजेची किंमत आधीच चुकती झाली होती. पण १८०० च्या तहाच्या बाराव्या कलमात आणखी एक अट होती : युद्ध झाल्यास निजामाने स्वतःच्या सैन्यापैकी ६,००० पायदळ आणि ९,००० घोडदळ मदतीस द्यावे. युद्ध झाल्यास, एवढेच. शांततेच्या काळाबद्दल कलमात काही नव्हते.

११/
रेसिडेंट हेन्री रसेल याने १८१३ च्या सुमारास निजामाच्या या सैन्यातील काही तुकड्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाताखाली आणून कवायती केल्या. तीच पुढे वाढत जाऊन ‘हैदराबाद कंटिंजंट’ झाली. दिवाण चंदुलाल यांचे तिला पाठबळ होते. पगार निजामाचा, हुकूम रेसिडेंटचा. तिची ठाणी राज्यभर पसरली. अचलपूरला लागून असलेले परतवाडा हे त्यांपैकी एक. आज जुळ्या शहरातले दुसरे शहर म्हणून ओळखले जाणारे परतवाडा या छावणीमुळेच वाढले.

१२/
कंटिंजंटचा वार्षिक खर्च चाळीस लाखांच्या घरात गेला. हैदराबादचा वसूल ठेकेदारांच्या हाती, खजिना रिकामा आणि पगार तर महिन्याच्या महिन्याला हवा. दिवाणाने सावकारांकडे धाव घेतली. त्यांतील पामर आणि कंपनी या पेढीच्या व्याजाचे व व्यवहारांचे प्रकरण रेसिडेंट चार्ल्स मेटकाफ याने उघड केल्यावर मोठी खळबळ उडाली. पेढी बुडाली, कर्ज राहिले. पुढे निजामाचा खजिना कमी पडे, तेव्हा पगाराची रक्कम कंपनी स्वतःच भरू लागली आणि ती निजामाच्या नावे कर्जखाती चढू लागली. मित्रराज्य आता ऋणको झाले.

१३/
येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी लागते. शांततेच्या काळात कंटिंजंट पोसण्याचे बंधन निजामावर तहाने घातले होते का? गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांनी मार्च १८५३ मधील आपल्या टिपणीत याचे उत्तर स्वतःच दिले आहे. १८०० च्या तहाचे बारावे कलम हे या फौजेचे कारण आहे असे रेसिडेंटला सांगण्यास प्रामाणिक माणूस म्हणून आपण तयार नाही, असा त्यांचा अभिप्राय होता. कर्जाचा पाया कच्चा आहे हे धनकोला ठाऊक होते. तरी मागणी मागे घेतली गेली नाही. निजामाने फौज इतकी वर्षे चालू ठेवली आणि तिचा लाभ घेतला, म्हणून पैसे देणे लागतेच, अशी भूमिका घेण्यात आली.

१४/
मे १८५३. रेसिडेंट कर्नल जॉन लो हे निजाम नासिरुद्दौला यांच्या दरबारी मसुदा घेऊन आले. मुलूख कायमचा द्यावा, अशी मूळ मागणी होती. नासिरुद्दौला अडून बसले. पूर्वजांचा मुलूख विनाकारण देणे आणि इमानाने राहिलेली फौज मोडणे, या दोन्ही गोष्टी राजाला लांच्छनास्पद आहेत, असे त्यांनी लो यांना सांगितले. हा पेच खरा होता : मुलूख द्यावा तर राज्याची अब्रू जाते, फौज मोडावी तरी जाते, आणि दोन्ही ठेवावे तर पैसे नाहीत. ‘कायमचा’ हा शब्द मसुद्यातून वगळण्यात आला. फौज हवी असेल तितका काळच मुलूख दिला तरी चालेल, असे आश्वासन लो यांनी तोंडी दिले.

१५/
तरीही सही होईना. तेव्हा सहायक रेसिडेंट मेजर डेव्हिडसन याने दिवाण सिराजउल्मुल्क यांना चिठ्ठी पाठवली : वाटाघाटी संपल्याचे रेसिडेंट कळवणार असून सैन्य हलवण्यासाठी गव्हर्नर जनरलकडे लिहिले जात आहे. २१ मे १८५३ रोजी तहावर सही झाली. वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब मिळून सुमारे ५० लाख उत्पन्नाचे जिल्हे रेसिडेंटच्या व्यवस्थेखाली गेले. त्यांना ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’ असे नाव पडले. मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा, दरसाल हिशेब द्यायचा आणि खर्च वजा जाता शिल्लक हैदराबादला पोहोचवायची. शेतकऱ्याच्या भाषेत याला कब्जेगहाण म्हणतात. आठवड्याच्या आत सिराजउल्मुल्क वारले. त्यांच्या जागी आलेले पुतणे सालारजंग अवघे चोवीस वर्षांचे होते.

१६/
१८५७ च्या उठावात सालारजंगांनी हैदराबाद कंपनीच्या बाजूला ठेवले. १७ जुलै १८५७ रोजी तुर्रेबाजखान आणि मौलवी अलाउद्दीन यांच्या नेतृत्वाखाली रेसिडेन्सीवर झालेला हल्ला मोडून काढण्यात आला. या निष्ठेचे बक्षीस २६ डिसेंबर १८६० च्या तहात मिळाले. ५० लाखांचे कर्ज माफ झाले. धाराशिव आणि रायचूर दुआब परत आले. सुरापूरचे संस्थान हैदराबादला मिळाले. वऱ्हाड मात्र परत आला नाही. कर्ज फिटले तरी गहाण सुटले नाही. तो आता कंटिंजंटच्या खर्चासाठी ‘अमानत’ म्हणून इंग्रजांकडे राहिला आणि वार्षिक हिशेब मागण्याचा निजामाचा हक्कही या तहाने संपला. शिल्लक किती, हे आता ज्याच्या हाती तिजोरी तोच सांगणार होता.

१७/
हिशेब का महत्त्वाचा, हे लगेच दिसून आले. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीला सोन्याचा भाव आला. मुंबई-नागपूर लोहमार्ग १८६७ मध्ये पुरा झाला. तो वऱ्हाडातून जातो. खामगाव आणि अमरावती या मोठ्या बाजारपेठा झाल्या. ‘वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण या प्रांताच्या सुपीकतेची साक्ष देते. १८६७ मध्ये एलिचपूर हा स्वतंत्र जिल्हाही झाला आणि १९०५ मध्ये पुन्हा अमरावतीत विलीन झाला. गहाण ठेवलेल्या शेताचे मोल वाढत होते. असे शेत सावकार सहसा सोडत नाही.

१८/
सालारजंगांनी पुढची वीस वर्षे वऱ्हाड सोडवण्यात घालवली. १८७० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी प्रस्ताव मांडला : कंटिंजंटच्या खर्चाची हमी म्हणून रोख भांडवल ठेवतो, मुलूख परत करा. हा प्रस्ताव मर्मावर बोट ठेवणारा होता. तारण पैशासाठी असेल, तर पैसे घेऊन तारण सोडायला हवे. उत्तर नकाराचे आले. १८७६ मध्ये ते स्वतः इंग्लंडला गेले. तेथे त्यांचा मोठा सत्कार झाला, ऑक्सफर्डने मानद पदवी दिली. वऱ्हाड मिळाला नाही. निजाम महबूब अली खान अल्पवयीन आहेत, ते वयात आल्यावर पाहू, असे सांगण्यात आले. १८८३ मध्ये सालारजंग वारले. पुढच्याच वर्षी महबूब अली खान यांच्या हाती राज्याधिकार आला.

१९/
ही रीत केवळ हिंदुस्थानापुरती नव्हती. याच काळात ब्रिटन पश्चिम आफ्रिकेतील राज्यांशी जे तह करत होता, ते वऱ्हाडच्या कागदपत्रांशेजारी ठेवून वाचण्याजोगे आहेत. १८६० च्या तहानंतर आठच महिन्यांनी, ऑगस्ट १८६१ मध्ये, लागोसचा राजा दोसुन्मु याच्याकडून ते बंदर युद्धनौकेच्या धाकाने लिहून घेण्यात आले आणि त्याला वार्षिक नेमणूक बांधून देण्यात आली. आजच्या घानातील आसांते राज्याची कथा तर आणखी जवळची आहे. १८७४ मध्ये ब्रिटिश फौजेने आसांतेची राजधानी कुमासी जाळली आणि फोमेनाच्या तहाने ५०,००० औंस सोन्याची युद्धखंडणी लादली.

२०/
आसांतेचा राजा प्रेम्पे याने १८९१ मध्ये ब्रिटनचे संरक्षण नम्रपणे नाकारले. आसांतेने स्वतंत्र राहावे आणि सर्व गोऱ्या लोकांशी मैत्री ठेवावी, अशी त्याची भूमिका होती. १८९५ मध्ये त्याने जॉन ओवुसू अन्सा यांच्या नेतृत्वाखाली वकिलांचे मंडळ थेट लंडनला धाडले. वसाहत खात्याने त्यांना भेटच दिली नाही. जानेवारी १८९६ मध्ये फौज कुमासीत आली, खंडणीची बाकी तत्काळ मागितली गेली आणि ती देता न आल्याने प्रेम्पेला अटक झाली. पुढे त्याला सेशेल्स बेटांवर ठेवले. तो १९२४ मध्ये मायदेशी परतला. सालारजंगांना लंडनमध्ये मेजवानी मिळाली, ओवुसू अन्सांना दारही उघडले नाही. मागणीचे फलित दोघांचे एकच. आधी न फिटणारे देणे, मग त्या देण्याच्या आधारे मुलूख किंवा सत्ता, आणि अखेर वकिलाचे ऐकून घेण्याचीही गरज नाही, हा क्रम दोन्हीकडे सारखाच दिसतो.

२१/
१९०२ मध्ये लॉर्ड कर्झन यांनी वऱ्हाडचा प्रश्न ‘कायमचा’ मिटवला. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळाने प्रांत पोळला होता. त्या खर्चामुळे शिल्लक बराच काळ मिळणार नाही, हे हैदराबादला दिसत होते. मार्च १९०२ मध्ये कर्झन हैदराबादला येऊन महबूब अली खान यांना भेटले आणि ५ नोव्हेंबर १९०२ रोजी करार झाला. निजामाचे सार्वभौमत्व मान्य करून वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने ब्रिटिश सरकारला देण्यात आला. भाडे दरसाल २५ लाख रुपये. नासिरुद्दौलांनी १८५३ मध्ये जो शब्द मसुद्यातून काढायला लावला होता, तो पन्नास वर्षांनी परत आला. निजामाला जी.सी.बी. हा किताब मिळाला. थट्टेखोरांनी त्याचा अर्थ लावला : ‘गेव्ह कर्झन बेरार’, म्हणजे कर्झनला वऱ्हाड दिला.

२२/
ज्या कंटिंजंटसाठी हे सारे घडले, ती लगेचच हिंदी सैन्यात विलीन झाली. कारण संपले, पट्टा उरला. ऑक्टोबर १९०३ पासून वऱ्हाडचा कारभार मध्य प्रांताला जोडण्यात आला. पण कायद्याच्या दृष्टीने तो ब्रिटिश हिंदुस्थान नव्हता. परकीय राजाचा प्रदेश होता. ब्रिटिश हिंदुस्थानातले कायदे तेथे आपोआप लागू होत नसत, स्वतंत्र अधिसूचनेने लावावे लागत. १९१९ च्या सुधारणांनंतर नागपूरच्या कायदे कौन्सिलात जाणारे वऱ्हाडचे प्रतिनिधी आधी मतदानाने निवडले जात आणि मग सरकार त्यांची रीतसर ‘नेमणूक’ करी. अचलपूरचा मतदार मत एका सरकारच्या कौन्सिलासाठी देई आणि कागदोपत्री प्रजा दुसऱ्याच राजाची असे.

२३/
१९२३ च्या ऑक्टोबरात उस्मान अली खान यांनी वऱ्हाड परत मागितला. त्यांच्या पत्रात एक नवी गोष्ट होती : वऱ्हाडच्या लोकांना जबाबदार राज्यपद्धती देण्याचे आश्वासन. हैदराबादच्या स्वतःच्या प्रजेला असे काही मिळालेले नव्हते. मार्च १९२५ मध्ये रीडिंग यांनी मागणी फेटाळली. सप्टेंबरमध्ये निजामाने पुन्हा लिहिले : परराष्ट्रसंबंध सोडले, तर अंतर्गत कारभारात हैदराबाद ब्रिटिश सरकारइतकेच स्वतंत्र आहे, दोन पक्षांत मतभेद असेल, तर एकाचा निर्णय दुसऱ्यावर बंधनकारक कसा? चौकशीसाठी आयोग नेमावा. तहांच्या भाषेत हा युक्तिवाद बिनतोड होता. त्याला उत्तर म्हणून आलेले पत्र म्हणजे या धाग्याच्या आरंभीचे पत्र. रीडिंग यांनी तहांच्या शब्दांवर वाद घालण्याऐवजी सांगितले की ब्रिटिश अधिसत्ता तहांवर अवलंबूनच नाही. त्याने सारेच संस्थानिक अस्वस्थ झाले. १९२७ च्या अखेरीस बटलर समिती नेमली जाण्यामागे ही अस्वस्थताही होती.

२४/
पण निजामाची बाजू कायद्याने बळकट होती, म्हणून वऱ्हाडच्या लोकांची बाजू तीच होती असे नाही. १८९७ मध्ये अमरावतीला काँग्रेसचे अधिवेशन झाले होते. दादासाहेब खापर्डे, रंगनाथपंत मुधोळकर यांच्यासारखे नेते या भूमीत तयार झाले होते. १९२० नंतर काँग्रेसने वऱ्हाडसाठी वेगळी प्रांतिक समिती दिली. निवडणुका, वृत्तपत्रे आणि सभा यांची सवय झालेल्या समाजाला संस्थानी राजवटीत परत जायचे नव्हते आणि मागणीला प्रांतातूनच विरोध झाला. इंग्रजांनी या विरोधाचा उपयोग करून घेतला. त्यांनी स्वतः १८५३, १८६० किंवा १९०२ मध्ये वऱ्हाडच्या रयतेला काही विचारले नव्हते, हेही तितकेच खरे.

२५/
१९३६ च्या करारात निजामाला नावाचे समाधान मिळाले. ते ‘हैदराबाद व बेरारचे निजाम’ झाले आणि त्यांचे वारस आझमजाह ‘प्रिन्स ऑफ बेरार’. त्यांची पत्नी, अखेरचा उस्मानी खलिफा अब्दुल मजीद याची कन्या दुर्रूशेहवार, ‘प्रिन्सेस ऑफ बेरार’ म्हणून ओळखली गेली. इस्तंबूलच्या राजघराण्यातील मुलीच्या नावात वऱ्हाड आला. वऱ्हाडचा कारभार नागपुरातून चालत राहिला. प्रांताचे नाव ‘मध्य प्रांत व वऱ्हाड’ असे झाले.

२६/
१९४७ च्या जुलैमध्ये हैदराबादच्या शिष्टमंडळाने दिल्लीत वऱ्हाडची मागणी पुन्हा मांडली. ब्रिटिश अधिसत्ता संपली की पट्टाही संपतो, हा कायद्याचा मुद्दा होता. तात्पुरती ‘जैसे थे’ स्थिती ठेवण्याचे ठरले. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर हा प्रश्न उरला नाही. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी वऱ्हाड द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला.

२७/
त्याच १९४७ साली, ८ ऑगस्टला, वऱ्हाडविषयी आणखी एक कागद तयार झाला होता : अकोला करार. संयुक्त महाराष्ट्र झाला तर त्यात वऱ्हाड-नागपूर भागाचे स्थान काय असेल, हे ठरवण्यासाठी शंकरराव देव, धनंजयराव गाडगीळ, ब्रिजलाल बियाणी, पंजाबराव देशमुख आदी मंडळी अकोल्यात बसली. त्या करारातील तरतुदी जशाच्या तशा अमलात आल्या नाहीत आणि त्यावरचा वाद आजही मिटलेला नाही. पण १८०३ पासूनच्या सर्व कागदांशी तो ताडून पाहिला, तर एक फरक स्पष्ट दिसतो. देवगाव, हैदराबाद आणि दिल्ली येथे झालेल्या करारांवर सेनापती, निजाम, रेसिडेंट आणि व्हाइसरॉय यांच्या सह्या आहेत. अकोल्याच्या कागदावर वऱ्हाडात राहणाऱ्या माणसांच्या सह्या आहेत.